कच्ची शिलाई

सुलोचनाने नवऱ्याची, शिंपी मास्तरांची, जड इस्त्री तापवली आणि ओलं बोट टेकवून पाहिलं. चर्र झालं, पण बोटाला काही कळलं नाही. मास्तर जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्यांनी शिवलेला एक लग्नाचा कोट तेवढा राहिला होता.

“वहिनी, खांद्यावर पांढरा दोरा दिसतोय,” कोट न्यायला आलेला नवरदेव म्हणाला.

ती मास्तरांच्या हातची कच्ची शिलाई होती. काम झालं की काढायचीच असते. तिने टोक धरून ओढली. कापडावर बारीक भोकांची रांग उरली.

तिने खांद्याखाली उशी सरकवली, वर ओलं फडकं अंथरलं आणि इस्त्री दाबून धरली. वाफ निवल्यावर फडकं उचललं.

“आता काहीच दिसत नाही,” तो म्हणाला.

“नीट बघा,” ती म्हणाली. “कुठेतरी असेल.”