बहिऱ्या भिंती

"आईचे कान तपासायचेत," तो म्हणाला आणि त्यानं खोलीचं दार मागे लोटलं. "तूच तपास. तुझं नाव फार ऐकलं."

दवाखान्यात तिला सगळे कानवाली मॅडम म्हणत. ती खुर्चीतच थिजली. घटस्फोटाला दीड वर्ष झालं होतं, तिनं दोनदा घर बदललं होतं, आणि आज हा भरदुपारी रीतसर नंबर लावून हजर. सोबत त्याची आई, म्हणजे तिची एके काळची सासू. भीती वाटली, चांगलीच वाटली. पण पेशंट तो पेशंट.

मंगळवारी कोर्टाची तारीख होती. यानं तिच्या आसपासही फिरकायचं नाही, असा हुकूम तिला हवा होता. तिचा हात मोडला त्या दिवशी घरात तिसरं माणूस एकच होतं, ही म्हातारी. मागच्या तारखेला ती म्हणाली होती, "मी आतल्या खोलीत होते. मला ऐकू येत नाही." आणि त्याचं म्हणणं, बायको जिन्यावरून पडली.

"या आई," ती म्हणाली. जुनी सवय.

तपासणीची पेटी म्हणजे खोलीतलीच एक छोटी खोली. जाड दार, एक काच, आणि भिंती अशा की आतला आवाज आत आणि बाहेरचा बाहेर. भिंतींना कान असतात म्हणतात, या मात्र ठार बहिऱ्या होत्या. पेशंट आत, तपासणारी बाहेर. दोघांच्या कानांवर हेडफोन, दोघांपुढे माइक, म्हणजे एकाचं बोलणं थेट दुसऱ्याच्या कानात.

"शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं," तिनं म्हातारीला खुणेनं दाखवलं. "घाबरलात तर दाबून धरायचं. मग बाहेर रिसेप्शनवर घंटी वाजते."

म्हातारीनं एकदाही बटण दाबलं नाही. हळू शिट्टी झाली, मोठी झाली, शेवटी कारखान्याच्या भोंग्याएवढी झाली. ही आपली ढिम्म. मग कानवाली माइकवर कुजबुजत काहीतरी पुटपुटली. आत म्हातारीनं घसरलेला चष्मा वर ढकलला आणि पुन्हा ढिम्म बसली.

"झालं?" त्यानं विचारलं.

"जवळजवळ."

"कशाला वेळ घालवतेस? उशाशी ढोल बडवला तरी ती उठायची नाही." त्यानं टेबलावरचा तिचा मोबाइल उचलून स्वतःच्या खिशात टाकला. "आता तू आत चल. छान आहे तुझी पेटी. ओरडलीस तरी कुणाला कळायचं नाही."

"या भिंतींतून शब्द जात नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं.

तिनं म्हातारीला बाहेर आणून आपल्या खुर्चीत बसवलं आणि आपला हेडफोन तिच्या कानांवर चढवला.

"गाणी लावतेस होय तिला?" तो हसला.

"तपासणी अजून बाकी आहे."

आत त्यानं दार ओढून घेतलं आणि काचेकडे पाठ करून उभा राहिला. ती पेशंटच्या खुर्चीत बसली. बटण मुठीत होतं.

"मंगळवारी केस मागे घ्यायची."

"नाही घेतली तर?"

"मागच्या वेळी एकच हात मोडला होता."

"म्हणजे तूच मोडलास. कोर्टात तर म्हणालास, मी जिन्यावरून पडले."

"मीच मोडला. सांगणार कोण? म्हातारी? तिला खुणा करून बजावून ठेवलंय, तोंड उघडलंस तर त्याच जिन्यावरून तूही पडशील."

तिनं त्याच्या खांद्यावरून काचेपलीकडे पाहिलं. म्हातारी तशीच ढिम्म. तिनं बटण दाबून धरलं.

त्यानं तिचं मनगट पकडलं. तेच, मोडलेलं. पण मधल्या काळात ती दर रविवारी एका वर्गाला जात होती. तिथली बाई सांगायची, ओढाओढी करायची नाही, पकड अंगठ्यापाशी कच्ची असते. तिनं उठता उठता मनगट फिरवून हिसडलं. हात सुटला. दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्या हनुवटीवर खालून असा बसला की तो मागच्या मागे कोलमडला. ती बाहेर आली आणि तिनं दार लावून बाहेरचा दांडा खाली ओढला.

आत तो तोंड फाडून ओरडत होता. बाहेर त्याचा एक शब्द येत नव्हता. कित्येक वर्षांनी तिला खदखदून हसू आलं.

रिसेप्शनवरची मुलगी धावत आली. "मॅडम, घंटी ऐकून डोकावले तर काचेतून झटापट दिसली, लगेच पोलिसांना फोन केलाय. निघालेत ते." मग ती म्हातारीच्या कानाशी वाकली आणि घसा ताणून म्हणाली, "आजी, घाबरू नका! पोलीस येतायत!"

म्हातारीनं हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवला. चष्मा वर ढकलला, मघाशी कानवालीनं माइकवर कुजबुजून सांगितलं होतं तसाच.

"ओरडू नकोस गं पोरी, मला चांगलं ऐकू येतं," ती म्हणाली आणि कानवालीकडे वळली. "मंगळवारी कोर्टात किती वाजता यायचं, तेवढं सांग."