पाहुण्यांची पीएचडी

जर्मनीचे एक माजी शिक्षणमंत्री अबुधाबीतल्या विद्यापीठात भाषणाला चालले होते आणि त्यांची गाडी भिवा चालवत होता. वाटेत त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सहज विचारलं, "मंत्रिपद का सोडलं, साहेब?"

"सोडावं लागलं. पीएचडीत कॉपी सापडली."

भिवाला गाववाला भेटल्यासारखं वाटलं. "माझी दहावीला सापडली. भूमितीची चिठ्ठी होती, मोज्यात. शाळा खलास. तेव्हापासून हे स्टेअरिंग."

साहेब मनापासून हसले. "आज मी त्याच्यावरच बोलणार आहे. अभ्यासातला प्रामाणिकपणा."

विद्यापीठाच्या दारात सूटबूटवाले पुष्पगुच्छ घेऊन ताटकळत होते. भिवानं उतरून साहेबांसाठी गाडीचं दार उघडलं.

"माझं एकच चुकलं, साहेब," तो म्हणाला. "मी फार लवकर सापडलो."