अंबाडीचं पाणी

उकडलेल्या अंबाडीचं पाणी कोंडाबाई मोरीत ओतणार, तोच पोटुशी सून म्हणाली, "ओतू नका, आत्याबाई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भाजीतलं फोलेट नावाचं सत्त्व पाण्यात उतरतं. ते कमी पडलं तर बाळाच्या पेशींतले गुणसूत्रांचे धागे तुटतात. माझ्या रक्तात कमीच निघालंय."

कोंडाबाईला सासू आठवली. घरातल्या गड्यांना सगळी भाजी वाढून ती सुनांना नुसतं हेच पाणी द्यायची, लसूण ठेचून. कोंडाबाई बोटं मोडत प्यायची, पण ती चव अजून जिभेवर होती. आपल्या सुनेवर ती वेळ नको, म्हणून इतकी वर्षं तिनं मोठ्या तोऱ्यात पाणी फेकलं होतं.

तिनं लसूण ठेचून दोन वाट्या भरल्या.

"म्हातारी शहाणी होती म्हणायची," घोट घेत ती म्हणाली. मग सगळ्यांच्या आधी सुनेच्या ताटात भाजी वाढली. "एवढं मात्र तिला जमलं नाही."