खांदा साडेचौदा

आमचे हे धंद्याने शिंपी, पण माझं काही शिवायचं म्हटलं की बेचाळीस वर्षं एकच पालुपद: “तुझं जुनं एखादं दे, त्यावरून बेततो.”

सून मोबाइलवर लोकांचे जुने कपडे विकून देते. परवा समोरच्या मास्तरीणबाईंनी त्यांचा निळा कोट आणून दिला. कोट यांनीच शिवलेला, त्यामुळे आत साइजची पट्टी नाही. घेणारीने लगेच लिहिलं, मापं इंचात कळवा. सून टेप शोधायला उठली, तर हे बटण लावता लावता, मान वर न करता म्हणाले, “छाती अडतीस, खांदा साडेचौदा, बाही बावीस.”

सुनेने मोजून पाहिलं. दोऱ्याचाही फरक नाही.

“बाबा, अकरा वर्षं झाली की हो या कोटाला.”

“गिऱ्हाइकाचं माप विसरून कसं चालेल?” हे म्हणाले, आणि वर हसले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “आणि माझा खांदा केवढा?”

यांनी चष्मा पुसला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुनेकडे टेप मागितली.

ती टेप मी मधल्यामधे काढून घेतली आणि सुनेसमोरच यांना सांगितलं, “घरात माप द्यायची नाही मी. उद्या दहा वाजता दुकानात येते, गिऱ्हाईक होऊन. तिथे घ्या माझं माप, आणि त्या बाईचं विसरेपर्यंत माझंच घोकत बसा.”