एकुलती एक सीडी

घरात नळ गळतोय म्हटलं की तात्यांची कंबर धरते, पण अनोळखी माणसाला गाण्यांची सीडी करून द्यायची म्हटली की तीन-तीन तास बूड हलत नाही, ही अक्कांची जुनीच तक्रार. कमी वेगावर सीडी भरायची, शेवटपर्यंत ऐकून मगच पाठवायची, डिंकाने खराब होते म्हणून तिच्यावर नावाचा कागद चिकटवायचा नाही आणि मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, असे नवऱ्याचे नियम. "माझ्या आजारपणात नाही बसलात कधी असे!" अक्का फणकारायच्या.

लेक गेली, तेव्हा तिच्या गाण्याची एकच सीडी मागे उरली. तात्या तिची प्रत काढायला बसले, तशा अक्का कडाडल्या, "खबरदार! माझी लेक एकच होती, तिची सीडीही एकच राहील. तिचा आवाज दारोदार फिरायचा नाही." तात्यांनी मुकाट्याने सीडी त्यांच्या हातात दिली. अक्कांनी ती कपाटात, लेकीच्या कपड्यांखाली ठेवली.

सात वर्षांनी आज धीर करून अक्कांनी ती लावायला दिली. मशीन दोनदा गुरगुरलं आणि त्याने ती बाहेर ढकलली. तात्यांनी सीडी खिडकीशी धरली, तर चंदेरी थराचे पापुद्रे सुटलेले, आरपार उजेड दिसत होता.

"आता यातून काही निघायचं नाही," ते हळूच म्हणाले. "आणि दुसरी कुणाकडेच नाही."

 

अक्कांनी ती सीडी त्यांच्या हातातून काढून घेतली. मग म्हणाल्या, "अख्ख्या जन्मात माझा एक शब्द ऐकला नाहीत. मेलं, तेवढंच कशाला ऐकलंत?"