आठ जीबीत भागत नाही

"तीन स्क्रीन लावायच्या असतील तर आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड घेऊ नको," वकार म्हणाला, आणि लगेच स्वतःवरच चिडला. गिऱ्हाइकाला खरं सांगून टाकायची त्याची खोड काही जात नव्हती.

काउंटरपुढे क्लासची बॅग अडकवलेला भागवत उभा होता. चांगला सहा फुटी गडी. शेजारी त्याची आई उज्वला, त्याच्या खांद्यालाही न पुरणारी, हातात भाजीची पिशवी.

"आठमध्ये तिन्ही चालतील की," भागवत म्हणाला.

"चालतील. नुसतं चित्र दाखवायला मेमरी फार लागत नाही. पण रेसिंगचा गेम तिन्ही स्क्रीनवर पसरला, वर सेटिंग फुल ठेवली, की कार्डाची मेमरी भरते. मग गेम झटके मारतो. सोळाचं घे, नाहीतर सेटिंग उतरवून खेळ."

"अन् झटका नेमका वळणावर बसला तर?" उज्वलाने विचारलं.

"तर गाडी भिंतीत, ताई."

"मग सोळाचंच द्या. सेटिंग उतरवायची न्हाई."

वकारला तिची कीव आली. पोराच्या कोचिंगसाठी लातुरात खोली घेऊन राहणाऱ्या अशा आया तो रोज बघायचा. डबे करायचे, पोरगं क्लासला गेलं की चार भिंतींकडे बघत बसायचं, आणि ते मागेल ते अभ्यासाचंच असेल म्हणून घेऊन द्यायचं.

भूकंपानंतर वकारच्या वडिलांनी इथे रेडिओ दुरुस्तीची टपरी टाकली. शहरात क्लासेस वाढले तसं टपरीचं कॉम्प्युटरचं दुकान झालं. या पोरांच्या जिवावर आपण मोठे झालो, हे वकार विसरला नव्हता. म्हणून त्याचा एक नियम होता. क्लासच्या पोराला गेमिंगचं कार्ड द्यायचं तर आधी गावाकडे बापाला फोन. बाजारातले हसायचे. हसोत बापडे! आपल्या दुकानापायी एकाही पोराचं वर्ष वाया गेलं नाही, हे तो छाती फुगवून सांगायचा.

"स्टिअरिंग अन् पेडल पण द्या," भागवत म्हणाला. "आणि खुर्ची जरा ठेंगणी बघा."

आजकालच्या पोरांच्या तऱ्हा, वकार मनात म्हणाला. "सामान कुठं पोचवू?"

"भोकरला, घरी. आम्ही इथली खोली सोडून चाललो."

वकारने बिलाचं पुस्तक मिटलं. म्हणजे पोराने क्लासच सोडला. आता घरी बसून गाड्या उडवणार, आणि ही माउली शेजारी उभी राहून हसतेय!

"अरे, मग नीटचं काय?"

"ते संपलं आता," भागवत शांतपणे म्हणाला.

"बापाचा नंबर दे."

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. भागवतने बापाचं नाव ग्यानोबा म्हणून सांगितलं आणि नंबर दिला. वकार फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर आला.

"ग्यानोबाराव, लातूरहून वकार बोलतोय, कॉम्प्युटरवाला. तुमचं पोरगं तीन स्क्रीनचा गेमिंग सेट न्यायला आलंय. एकदा हा सेट घरात आला की पोरगं पुस्तकाला हात लावायचं नाही, सांगून ठेवतो. वर्ष हातचं जाईल. तुम्ही नाही म्हणा, मी दोघांना परत पाठवतो."

पलीकडे ग्यानोबा हसला.

"भाई, परक्याच्या लेकराची एवढी काळजी करनारा दुकानदार म्या पाहिला न्हाई. लई बरं वाटलं. पन पोराचं वर्ष कुठं जात न्हाई. त्याला सरकारी कॉलेजात डॉक्टरकीची सीट भेटली. परवा चालला हॉस्टेलात."

"मग हा सेट कुणाला?"

"दोन वर्सं पोरगं क्लासला गेलं, की ती खोलीवर त्याच्याच कॉम्प्युटरवर गाडी पळवायची," ग्यानोबाचा आवाज अभिमानाने जड झाला होता. "औंदा गेमच्या स्पर्धेत राज्यात पयली आली, आता दिल्लीला देशाची फायनल हाय. तवा खुर्ची तेवढी नीट बघा भाई, त्याच्या मायचे पाय पेडलला पुरत न्हाईत."