अनेकांतची खोली

पाहुणा व्हरांड्यातल्या खुर्चीवर टेकला, तरी तवनाप्पांनी त्याला आत या म्हणून म्हटलं नाही. उभा जन्म शाहूपुरीत गुळाच्या अडतीत गेलेला. गूळ असो की माणूस, पारखल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही, ही सवय हाडात मुरलेली.

पाहुणा चाळिशी गाठलेला. डोक्यावर केस विरळ, दाढीत पांढरं. शेजारी चाकांची भलीमोठी बॅग. मुक्कामाचाच इरादा दिसत होता.

"कुठनं येणं झालं, पावणं?"

"जर्मनीतनं, काका."

"त्ये झालं. मूळ गाव?"

"हिकडलंच की." पाहुण्यानं मान खाली घातली.

जर्मनी म्हटल्यावर मात्र तवनाप्पा सावरून बसले. "आमचा अनेकांत तिथंच हाय. वळखतासा?"

"व्हय. चांगला वळखतो."

मग काय, म्हाताऱ्याचा नूरच पालटला. हाताला धरून त्यांनी पाहुण्याला आत सोप्यात नेलं आणि बायकोला हाक मारली, "अगं, गूळ-पाणी आण! पोराच्या गावचं माणूस आलंय!"

अक्काताई तांब्या घेऊन आल्या. डोळे लालभडक. "मिरची कांडत हुते," असं त्या कुणी न विचारताच म्हणाल्या. सकाळपासून त्यांचं काहीतरी बिनसलंच होतं.

पाहुण्यानं गुळाचा खडा आधी नाकाशी नेला, मग दाताखाली चुरला. तवनाप्पांना बरं वाटलं. गूळ असाच बघायचा असतो. पोरालाही त्यांनी हेच शिकवलं होतं.

"आता खरं सांगा," ते पुढं सरकले. "गेल्या साली गेला पोरगा. फोनवर सगळं ब्येस हाय, ब्येस हाय म्हणतोय. बापाला कळत न्हाय व्हय? कसा हाय त्यो?"

पाहुण्यानं अक्काताईंकडे पाहिलं. "गेल्या साली न्हवं, पंधरा वर्सं..." एवढं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"सुरवातीला लई हाल झालं त्येचं," पाहुणा म्हणाला. "खोलीच मिळंना. फोनवर इचारलं की रिकामी हाय म्हणायची. दारात गेला, तोंड बघितलं, की म्हणायची, आत्ताच दिली बघा."

"का म्हणून?"

"कातड्याचा रंग बघून, काका. बसमधी ह्येच्या शेजारची जागा रिकामी ऱ्हायची, लोकं उभी ऱ्हायची. एकदा भर रस्त्यात एकजण अंगावर थुकला. म्हणाला, आपल्या घरी जा."

तवनाप्पांनी हातातलं भांडं खाली आदळलं. हे पोरगं लहानपणी अनवाणी उन्हात खेळायला पळालं, की त्याची चपलं हातात घेऊन ते सगळी गल्ली पालथी घालायचे. आणि त्याच्या अंगावर कुणी थुंकावं!

"मग यायचं की घरला! हितं घर हाय, खोली हाय त्येची."

"त्योबी त्येच म्हणतोय. डोळं मिटलं की ती खोली दिसती म्हणतोय. खिडकीतनं पेरवाचं झाड दिसतंय."

"हाय की पेरू!" तवनाप्पा खूश झाले. "सांगा त्येला, अजून तसाच हाय म्हणावं."

अक्काताई खिडकीकडे न बघता तांब्या उचलून आत गेल्या.

पाहुण्यानं दाराबाहेर नजर टाकली. "ऊन उतरलं. जेवून घेऊया, न्हाईतर दिवस मावळंल."

"अरं वा! जैनाच्या घरची रीत ठाऊक हाय म्हणायची."

"अनेकांतनं सांगितली."

जेवताना अक्काताई ताटात वाढतच राहिल्या. पाहुणाही नको म्हणेना. परक्या मुलखात उपाशीच असावा बिचारा, असं तवनाप्पांना वाटलं. आपल्या पोरालाही तिथं कुणीतरी असं आग्रह करून वाढत असेल का, या विचारानं त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

हात धुऊन पाहुणा आतल्या खोलीच्या दारापाशी गेला. कडीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला.

"काका, आजची रात हितं झोपू?"

तवनाप्पांचा चेहरा उतरला.

"ती खोली मिळायची न्हाय."

"रिकामीच हाय न्हवं?"

"रिकामी दिसत आसंल. दिल्याली हाय. माझ्या पोराची हाय ती. उद्या त्यो दारात आला आन् आत दुसराच कोण झोपलेला बघितला तर? तिथंबी दारं बंद, हितंबी बंद? मग त्यानं जायाचं कुठं?"

"काका, एका रातीचा तर..."

"हात काढा कडीवरचा!" तवनाप्पांनी काठी उगारली. "स्टँडाजवळ लॉजं पडल्याती. तिकडं जावा."

अक्काताई पुढं झाल्या. "अव्हो, आसं काय करता? ह्यो तर..."

पाहुण्यानं त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली. "ऱ्हाऊ दे. त्येंचंच बरोबर हाय."

त्यानं बॅग उचलली आणि तो बाहेर गेला. तवनाप्पांनी खोलीची कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली. माणूस चांगला होता, जेवलाही आपल्या पंक्तीला, वाईट वाटलं. पण पोराची जागा ती पोराचीच.

"फोन लाव त्येला," ते म्हणाले.

अक्काताईंना नंबर लावायला फार वेळ लागला. त्यांनी फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आप्पा," पलीकडून आवाज आला.

तेवढ्या एका हाकेनं तवनाप्पांना हलकं वाटलं. "जेवलास रं बाळा?"

"जेवलो की. पोटभर."

"कवा येणार? डोळं लागल्यात बघ तुझ्याकडं."

उत्तराची वाट न बघता तवनाप्पा पुढं बोलत राहिले.

"तू कवाबी ये. तुझी खोली मी कुणाला दिली न्हाय. आत्ताच एक पावणा मागत हुता, त्येला हाकलून लावला."

बोलता बोलता ते खिडकीशी आले. अंगणात कधीकाळी तोडलेल्या पेरवाचा नुसता बुंधा होता. त्या बुंध्यावर पाहुणा पाठमोरा बसला होता. शेजारी बॅग, कानाला फोन.

"बरं केलंसा, आप्पा," पाहुणा म्हणाला.